ज्याच्या दंडाला फडकं नाही

शुक्रवारी दुपारी फोन वाजला तेव्हा डॉ. टॉर्किल मॅकॉली आरशासमोर उभा राहून एक वाक्य घोकत होता. वाक्य तसं लहानसंच होतं : "इशबेल, तू स्वीडनला जाऊ नकोस." पण एकदा ते फार हुकमी वाटे, एकदा फार रडकं वाटे, आणि शेवटच्या खेपेला तर वेव्हर्ली स्टेशनवर गाडी रद्द झाल्याची सूचना द्यावी तसं निघालं. बाहेरच्या खोलीत त्याची आई विणकाम करत बसली होती. लुइस बेटावरून ती लेकाकडे चार दिवस राहायला आली होती आणि एडिंबरातल्या फ्लॅटच्या भिंती किती पातळ असतात हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

"आरशाला सांगून झालं असेल तर फोन घे," आतल्या खोलीकडे न बघताच ती म्हणाली.

फोनवर आर्ची होता. आर्ची म्हणजे नाच पुकारणारा. संध्याकाळी विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागातर्फे स्वीडनला नोकरीसाठी निघालेल्या इशबेल ट्वीडीला निरोप द्यायचा होता, त्यासाठी चर्चचा हॉल घेतला होता, वाजवणारे ठरवले होते, आणि माइकवर उभं राहून 'आता फिरा, आता पुढे सरका' असं पुकारायला आर्चीला सांगितलं होतं. हे सगळं टॉर्किलनं स्वतः धावपळ करून जमवलं होतं. त्यामागे त्याचा एक छोटासा डाव होता. शेवटच्या नाचात त्याची जोडी इशबेलशी लावायची, असं त्यानं आर्चीकडून कबूल करून घेतलं होतं. हातात हात आला की वाक्य आपोआप निघेल, अशी त्याची अटकळ होती.

"मी मल बेटावर अडकलोय," आर्ची ओरडला. मागे वारा घोंघावत होता. "बोटी बंद आहेत. आजचा नाच तूच पुकार बाबा."

"मी? छे! मला नाही जमायचं."

"का नाही जमायचं? पबमध्ये माझं डोकं खाल्लं होतंस ना, की हा नाच कधीच अडकू शकत नाही म्हणून? कागदावर सिद्ध केलंय म्हणालास! मग जे सिद्ध केलंय ते नुसतं मोठ्यानं वाचायला काय होतंय तुला?"

आणि बोटीसारखाच फोनही बंद पडला.

आर्ची बोलला ते खोटं नव्हतं. टॉर्किलचा आणि इशबेलचा विषय एकच : अनेक कामं एकाच वेळी चालू असतात तेव्हा ती एकमेकांशी कशी बोलतात, याचं बीजगणित. त्या बीजगणिताचा मूळ नियम अगदी घरगुती आहे. एकानं द्यायला हात पुढे करावा आणि त्याच क्षणी दुसऱ्यानं घ्यायला तयार असावं, तरच निरोप पोचतो. दोघंही घ्यायच्या पवित्र्यात उभे राहिले तर दोघंही जन्मभर उभेच. दोघंही द्यायला निघाले तरी तेच. या नियमावर टॉर्किलनं निबंध लिहिले होते, परिषदा गाजवल्या होत्या, आणि गंमत म्हणून स्कॉटलंडातला हा दोन ओळींचा गिरक्यांचा नाचही त्यात बसवून तो कधी अडकत नाही हे दाखवून दिलं होतं. फक्त विभागात समोरच्याच खोलीत बसणाऱ्या इशबेलला एक वाक्य सांगणं त्याला सहा वर्षांत जमलं नव्हतं. ती ऐकायला तयार आहे अशी खूण मिळेपर्यंत बोलायचं नाही, असं त्यानं ठरवलं होतं. खूण काही मिळाली नव्हती.

"म्हणजे आता तू माइकवर आणि ती खाली," आई म्हणाली. तिनं सुया गुंडाळून ठेवल्या. "मीही येते. मला बघायचंच आहे हे."

हॉलमध्ये पहिली अडचण दारातच उभी होती. विभागातले झाडून सगळे आले होते, आणि विभागात पुरुषच पुरुष. सगळे घागऱ्यासारखे चौकटीचे किल्ट घालून, दाढ्या विंचरून, सॉसेज रोलच्या ताटाभोवती घोळका करून उभे. बायका मोजक्या. जोड्या लागणार कशा?

"सोपं आहे," टॉर्किल माइकमध्ये म्हणाला. तो घाबरला की त्याच्या तोंडून वर्गातला आवाज निघे. "बाई-पुरुष हा प्रश्नच आपण काढून टाकू. दोन ओळी करा. एका ओळीनं दंडाला फडकं बांधायचं, दुसरीनं नाही. ज्याच्या दंडाला फडकं नाही, त्यानं हात पुढे करायचा. ज्याच्या दंडाला आहे, त्यानं हात पुढे येईपर्यंत थांबायचं. प्रत्येक हात एकानं दिला आणि एकानं घेतला, की नाच कधीच अडकत नाही. हे मी सिद्ध केलेलं आहे."

स्वयंपाकघरातली भांडी पुसायची सगळी फडकी बाहेर आली. विभागप्रमुख प्रोफेसर ऑक्टरलोनी यांनी सर्वांत आधी स्वतःच्या दंडाला फडकं बांधून घेतलं, कारण प्रमुखानं उदाहरण घालून द्यावं असं त्यांचं मत होतं. ल्यूडोविक पर्डी नावाचा उंचच उंच सहकारी होता, त्यानं दोनदा विचारून खात्री करून घेतली.

"समजा, समोरच्यानं हात पुढे केलाच नाही तर?"

"तर थांबायचं."

"आणि मीच धरला तर?"

"मग सिद्धता मोडली, ल्यूडोविक."

"छे छे, ते नको," ल्यूडोविक गंभीरपणे म्हणाला. "सिद्धता मोडणं बरोबर नाही."

इशबेल सगळ्यांत शेवटी आली. हिरवा झगा, चष्मा नेहमीसारखा नाकावर घसरलेला. तिनं माइकपाशी उभ्या टॉर्किलकडे पाहिलं, एक भुवई उंचावली, आणि टोपलीतलं निळ्या चौकटीचं फडकं उचलून दंडाला बांधून ओळीच्या तळाशी जाऊन उभी राहिली. तिच्यासमोर, बिनफडक्याच्या ओळीत, एक जागा रिकामी होती. ती जागा टॉर्किलची. ही रिकामी जागा आता रात्रभर त्याच्याकडे बघत राहणार होती.

अकॉर्डियन सुरू झालं, व्हायोलिन त्यात घुसलं, आणि नाचाला रंग चढला. खरंच चढला! वरची जोडी गिरकी घेऊन निघायची. बिनफडक्याचा गडी फडकीवाल्यांच्या ओळीतून हात देत खाली उतरायचा, फडकीवाला पलीकडच्या ओळीतून हात घेत उतरायचा, मध्येच दोघं भेटून फिरायचे, आणि ते तळाशी पोचायच्या आत दुसरी जोडी निघालेली असायची. एकाच वेळी चार-चार जोड्या. दाढ्या उडत होत्या, किल्ट फुलत होते. "हात पुढे! घ्या! सोडा! हात पुढे!" टॉर्किल पुकारत होता, आणि त्याला पहिल्यांदाच वाटलं की आपलं बीजगणित घामेजलेल्या माणसांच्या अंगात शिरलंय. आईचा पाय खुर्चीखाली ताल धरून हलत होता. नाचाला पाप मानणाऱ्या लुइसच्या चर्चमध्ये हे कळलं असतं तर तिची खैर नव्हती.

घोटाळा प्रोफेसर ऑक्टरलोनींनी केला. त्यांचं वय साठीच्या पुढे आणि उत्साह विशीच्या मागे. जिथे एक गिरकी पुरेशी होती तिथे त्यांनी पाच घेतल्या, हॉल त्यांच्याभोवती फिरायला लागला, आणि तो थांबला तेव्हा प्रोफेसर दंडावरच्या फडक्यासकट पलीकडच्या, बिनफडक्याच्या ओळीत जाऊन उभे होते. हे त्यांच्या लक्षात आलं नाही. कुणाच्याच आलं नाही. तेवढ्यात ल्यूडोविक पर्डी त्या ओळीतून हात घेत घेत खाली उतरत त्यांच्यासमोर येऊन ठेपला.

ल्यूडोविकच्या दंडाला फडकं. प्रोफेसरांच्या दंडाला फडकं. दोघंही नियमाप्रमाणे थांबले. एकमेकांकडे बघून अदबीनं हसले. आणि थांबून राहिले.

पुढे कुठल्याही गावच्या नाचात जे झालं असतं ते इथे झालं नाही. दुसरीकडे कुणीतरी 'धर रे बाबा' म्हणून हात ओढला असता आणि संपलं असतं. पण ही मंडळी नियमाची पक्की. ल्यूडोविकची जोडीदार मधल्या जागेत त्याची वाट बघत थांबली, तिच्यामागची जोडी तिच्यासाठी थांबली, तिच्या मागची त्या जोडीसाठी. बघता बघता अख्खा हॉल एक पाय उचललेल्या अवस्थेत गोठला. संगीत मात्र चालूच.

"सर, हात पुढे करा ना!" ल्यूडोविक कुजबुजला.

"मी कसा करू? माझ्या दंडाला फडकं आहे," प्रोफेसर म्हणाले. "तू कर."

"माझ्याही दंडाला आहे."

"मग थांबू या. येईल कुणीतरी."

आणि तेवढ्यात मागून कुणीतरी हर्षानं ओरडलं, "डेडलॉक! अरे, खराखुरा डेडलॉक!"

मग काय विचारता! आयुष्यभर फळ्यावर काढलेली गोष्ट साक्षात समोर उभी, तीही किल्ट घालून! सगळ्यांचे चेहरे उजळले. "हलू नका कुणी! आधी नीट बघून घेऊ!" "कुणाचा पाय कुठे आहे ते लक्षात ठेवा!" जागचं न हलता, उचललेला पाय न टेकवता, मान वळवून वळवून वाद सुरू झाला. चूक नियमात आहे की प्रोफेसरांत, यावर दोन तट पडले. बहुमत प्रोफेसरांच्या विरुद्ध होतं, पण ते मांडायला कुणी धजावेना.

"मी... मी यात गिरक्या धरल्याच नव्हत्या," टॉर्किल माइकमध्ये पुटपुटला, आणि ते सगळ्या हॉलनं ऐकलं. "माणूस चुकीच्या ओळीत जाऊ शकतो, हे मी लिहिलंच नाही."

"आम्ही थांबायचं केव्हा?" अकॉर्डियनवाल्यानं वाजवता वाजवता विचारलं.

"नाच संपला की."

"नाच तर उभा आहे!"

"मग वाजवत राहा," टॉर्किल म्हणाला. दुसरं काय म्हणणार? नाच हलल्याशिवाय संपणार नव्हता आणि संपल्याशिवाय वाजवणं थांबणार नव्हतं. अकॉर्डियनवाल्यानं हताशपणे तीच ओळ पुन्हा उचलली.

आता आई उठली. एका टांगलेल्या पायाचा धक्का लागून कुणाचा तरी बिअरचा ग्लास जमिनीवर लवंडला होता, आणि सांडलेलं तसंच पडू देणं तिच्या स्वभावात नव्हतं. ती तडक प्रोफेसरांपाशी गेली, त्यांच्या दंडावरचं फडकं सोडवलं, आणि खाली बसून फरशी पुसायला लागली.

प्रोफेसरांनी आपल्या मोकळ्या दंडाकडे पाहिलं. क्षणभर विचार केला. आणि हात पुढे केला.

ल्यूडोविकनं तो घेतला. हॉलभर आरोळी उठली. गोठलेला पाय न् पाय खाली आला, जोड्या सुटल्या, नाच पुन्हा धो धो वाहू लागला. "शाब्बास मिसेस मॅकॉली!" लोक ओरडले. कौतुक झालेल्या माणसानं तिथेच थांबावं, पण आईला वाटलं की एक फडकं काढून इतकं काम होतं तर बाकीची तरी कशाला गुंडाळून ठेवायची? शिवाय स्वयंपाकघरात ओल्या बशांचा ढीग पडला होता. ती ओळीतून चालत निघाली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या दंडावरचं फडकं खेचून काढू लागली.

"ए, अहो, आई! आई, नको!" टॉर्किल माइकमधून ओरडला.

"भांडी काय मी झग्याला पुसू?" आई उलट ओरडली.

झालं. आता कुणाच्याच दंडाला फडकं नव्हतं, म्हणजे हात पुढे करणं प्रत्येकाचं कर्तव्य होतं. प्रत्येकानं ते मनापासून केलं. मुठी मुठींवर आपटल्या, बोटं बोटांत चुकली, ल्यूडोविकचा हात प्रोफेसरांच्या चष्म्यावर बसला. घ्यायला कुणीच नाही, द्यायला सगळे. "मी देतोय, तू घे!" "मीही देतोय!" दोन ओळींची एक गाठ झाली, आणि ती गाठ खिदळत, कण्हत, एकमेकांची क्षमा मागत हॉलच्या मध्यावर येऊन बसली. शब्दशः बसली.

उभी राहिली होती एकटी इशबेल.

आई तिच्यापर्यंत पोचली होती तेव्हा इशबेलनं आपल्या दंडावर हात ठेवून म्हटलं होतं, "माझं राहू द्या, मिसेस मॅकॉली." आईनं तिच्याकडे नीट निरखून पाहिलं होतं, "बरं पोरी," म्हणाली होती, आणि पुढे गेली होती. आता ओळीच्या तळाशी, निळ्या चौकटीचं फडकं बांधून, इशबेल समोरच्या रिकाम्या जागेकडे बघत उभी होती. खिडकीतून जूनमधला न सरणारा उजेड येत होता. चष्मा पुन्हा घसरला होता, पण तिनं तो वर केला नाही.

टॉर्किलनं ते पाहिलं. साऱ्या हॉलमध्ये हात पुढे येण्याची वाट बघणारी ती एकटीच उरली होती. सोमवारी तीही जाणार. माइकच्या दांड्यावर त्याची पकड घट्ट झाली. पाय मात्र हलेनात. तिनं वर पाहिलं असतं तर... नुसतं एकदा मान हलवली असती तर...

गाठीच्या तळाशी दबलेल्या ल्यूडोविकनं मान बाहेर काढली. त्याला प्रेमाबिमातलं काही कळत नसे, पण नियम चांगला कळे.

"टॉर्किल!" तो म्हणाला. "तुझ्या दंडाला फडकं नाही."

मग प्रोफेसर खालून म्हणाले, "अरे हो की. मॅकॉली, तुझ्या दंडाला फडकं नाही!" आणि मग ते सगळ्यांनीच उचलून धरलं. जमिनीवर बसलेला अख्खा विभाग टाळ्या वाजवत त्याचाच नियम त्यालाच सुनावू लागला, "ज्याच्या दंडाला फडकं नाही, त्यानं हात पुढे करायचा!" अकॉर्डियनवाल्यानं त्याला चालसुद्धा लावली.

टॉर्किलनं माइक ठेवला. पायऱ्या उतरला. माणसांच्या पायांवरून, किल्टांवरून, सांडलेल्या बिअरवरून वाट काढत तो त्या रिकाम्या जागेपर्यंत पोचला. पण त्याला यायला इतका वेळ लागला की इशबेलचा धीर सुटला होता. तिनं दंडावरची गाठ सोडून फडकं खाली टाकून दिलं होतं. दोघांनी एकदमच हात पुढे केले, बोटं खटकन आपटली, आणि दोघं एकदमच बोलले.

मग दोघंही एकदमच थांबले.

"काय म्हणालीस?"

"तू काय म्हणालास?"

"तू सांग आधी."

"नाही, तू."

"नाही नाही, तू सांग."

"अरे देवा!" आई स्वयंपाकघराच्या दारातून बशी पुसत ओरडली. "तो म्हणाला जाऊ नकोस, आणि ती म्हणाली मी जात नाहीये. मला इथवर ऐकू आलं. आता पुढचं बोला!"

"जात नाहीस?" टॉर्किलचा आवाज चिरकला.

"मे महिन्यातच नाही म्हणून कळवलंय मी त्यांना."

प्रोफेसर ऑक्टरलोनी गाठीतून धडपडत उठले. "पण मिस ट्वीडी, मी मीटिंगमध्ये जाहीर केलं होतं! भाषण लिहिलंय मी! आणि ती बॅग?" कोपऱ्यातल्या टेबलावर, विभागानं वर्गणी काढून घेतलेली पितळी कुलपांची भली मोठी चामडी बॅग फीत बांधून ठेवली होती.

"तुम्ही जाहीर केलंत सर. मला कुणी विचारलं नाही." मग ती टॉर्किलकडे वळली आणि तिचा आवाज उतरला. "तुला सांगायला किती वेळा आले मी. तुझ्या दाराबाहेर उभी राहायचे."

"माहीत आहे. मला तुझी पावलं ऐकू यायची. मी श्वास रोखून बसायचो, तू टकटक करशील म्हणून."

"आणि मी थांबायचे, तू दार उघडशील म्हणून!" ती हसली, पण डोळे भरून आले होते. "मग तूच हॉल ठरवायला धावायला लागलास, वाजवणारे काय, खाणं काय... मला वाटलं, इतक्या उत्साहानं निरोप देणारा माणूस 'राहा' कशाला म्हणेल? आज फक्त एका नाचासाठी आले. आर्चीनं सांगितलं होतं, शेवटच्या नाचात जोडी तुझ्याशी आहे म्हणून."

सहा वर्षं दाराच्या दोन बाजूंना दोघं घ्यायच्या पवित्र्यात उभी होती. पहिल्या वर्षाच्या मुलानं परीक्षेत असं उत्तर लिहिलं असतं तर टॉर्किलनं त्याला नापास केलं असतं. आणि तरी त्याला इतका आनंद होत होता की हसू आवरेना.

आई हात पुसत बाहेर आली. तिनं टेबलावरच्या बॅगेची फीत सोडली, कुलपं उघडून-मिटून पाहिली, आत डोकावली. "चांगली आहे. दोघांचे कपडे मावतील. लुइसला यायला लागेल ना, नातेवाइकांना भेटायला. मग? केव्हाचं धरू?"

टॉर्किलनं इशबेलकडे पाहिलं. इशबेलनं टॉर्किलकडे पाहिलं. तो तिच्या उत्तरासाठी थांबला, ती त्याच्या उत्तरासाठी. जमिनीवरच्या मंडळींनी श्वास रोखले. ल्यूडोविकनं डोळे गच्च मिटून घेतले.

मग टॉर्किल खाली वाकला. तिनं टाकलेलं निळ्या चौकटीचं फडकं त्यानं उचललं, झटकलं, आणि एका हातानं आणि दातांनी ओढून स्वतःच्या दंडाला घट्ट बांधलं. आणि तिच्यासमोर उभा राहिला.

इशबेलनं चष्मा वर केला आणि हात पुढे केला.

पुढचा नाच कुणीच पुकारला नाही. माइक स्टेजवर नुसताच उभा होता, आणि लोक एकमेकांच्या ओळीत घुसत, चुकीचे हात धरत, सोडत, पुन्हा धरत नाचत राहिले. प्रोफेसरांनी मनसोक्त गिरक्या घेतल्या. आईनं उरलेली शॉर्टब्रेड बिस्किटं कागदात गुंडाळून नव्या बॅगेत भरून ठेवली, आणि मग कुणी बघत नाही असं पाहून ल्यूडोविक पर्डीचा हात धरला.